लिंबू दहा मिनिटांचं, ऊद दिवसभराचा

करंजी घाटात गाडी थांबवावी लागली. वहिनी तोंडाला पदर लावून उतरल्या आणि कठड्याशी जाऊन ओकल्या. घाट वळणांचा आहे हे खरं. पण वहिनी वीस वर्षं याच घाटातून एसटीने ये-जा करतात आणि त्यांना कधी गाडी लागलेली नाही. त्या दिवशीही गाडी लागली नव्हती. मी लागले होते.

वैशाखातलं लग्न होतं, चुलतभावाच्या मुलीचं, शेवगावला. नगरहून निघालो तेव्हाच ऊन डोक्यावर आलेलं. गाडीत सात माणसं, एसी नावापुरता. मी गळ्याला, दोन्ही मनगटांना आणि वर पैठणीच्या पदरालाही नवं परफ्यूम मारलं होतं. भिंगार सोडेपर्यंत सगळे म्हणत होते, "छान वास येतोय." घाट लागेपर्यंत काचा खाली झाल्या. चूळ भरून आलेल्या वहिनी मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, राग मानू नका, पण शेळ्यांच्या गोठ्यात बसल्यासारखं वाटतंय." कार्यालयात मी तीनदा साबणाने मनगटं धुतली. वास गेला नाही. पदरावर मात्र तेलकट गोल डाग पडला, तो अजून आहे.

ती बाटली मी पुण्यातल्या एका मोठ्या दुकानातून चार हजार दोनशेला आणली होती. विकणाऱ्या मुलीने कागदाच्या पट्टीवर फवारा मारून पट्टी माझ्या नाकाशी धरली. लिंबू! श्रीगोंद्याच्या कागदी लिंबाची साल नखाने खरवडावी तसा लख्ख वास. बाटलीवर नाव होतं 'अंबर ऊद'. मला वाटलं, वर लिंबू, खाली आपल्या देवघरातला ऊद. लग्नाला याहून चांगलं काय असणार? दहा मिनिटांत पैसे देऊन मी बाहेर.

आता यातली माझी पहिली चूक शब्दाची होती, आणि ती मराठी माणसाची हमखास होते. बाळ-बाळंतिणीला धुरी देताना किंवा देवापुढे निखाऱ्यावर आपण जो ऊद घालतो तो एका झाडाचा डिंक. लोबान म्हणतात तोच. त्याचा वास गोडसर, व्हॅनिलाच्या जवळ जाणारा. परफ्यूमच्या बाटलीवरचा ऊद म्हणजे अगरू. आसामकडे होणाऱ्या या झाडाच्या गाभ्याला बुरशीची लागण झाली की बचावासाठी झाड काळपट राळ तयार करतं. त्या राळेने भरलेलं लाकूड म्हणजे अरबांचा ऊद. त्याचा वास खोल असतो, धुरकट असतो आणि थोडा जनावरीही असतो. वहिनींना गोठा आठवला तो त्यांच्या नाकाचा दोष नव्हता. 'अंबर' या शब्दातही असाच चकवा आहे. मूळ अंबर देवमाशाच्या पोटात तयार होतं. हल्ली बाटलीवर अंबर लिहितात तेव्हा बहुधा राळ, लोबान आणि व्हॅनिला यांचं ऊबदार मिश्रण असतं.

महिन्याभराने ती बाटली घेऊन मी नगरच्या कापड बाजाराकडे एका म्हाताऱ्या अत्तरवाल्या चाचांकडे गेले. वापरलेली बाटली ते घेतील अशी वेडी आशा होती. त्यांनी घेतली नाही, पण झाकण उघडून हुंगली आणि विचारलं, "बाई, दुकानात किती वेळ थांबला होता?" म्हटलं, दहा मिनिटं. "मग तुम्ही लिंबू विकत घेतलं. खालचा माल घरी नेऊन उघडला."

चाचांचं बोलणं रसायनशास्त्रालाही धरून आहे. एका बाटलीत हलके आणि जड असे सगळे रेणू एकत्र असतात. लिंबू-संत्र्याचे सगळ्यात हलके. ते पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात उडून जातात. मग फुलं आणि मसाले वर येतात. तळाला लाकडं, राळा, कस्तुरीसारखे जड वास राहतात, आणि तेच दिवसभर सोबत करतात. उन्हात सगळंच भराभर उडतं, म्हणून जो जड वास पौषात अंगाभोवती शालीसारखा बसतो तो वैशाखात बंद गाडीत भपकारा होऊन अंगावर येतो. जुन्या अत्तरवाल्यांना हे पाठ आहे. हिना, शमामा, ऊद थंडीत. वाळा, गुलाब, मोगरा, केवडा उन्हाळ्यात. मी विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं.

त्यानंतर मी वासांची घराणी समजून घ्यायला लागले. सगळ्यात जास्त चालतं ते मायकेल एडवर्ड्स यांनी 1992 मध्ये आखलेलं चक्र. फुलांचं, अंबरी, लाकडी आणि ताजं अशी चार मोठी घराणी त्यात वर्तुळात बसवली आहेत. शेजारच्या घराण्यांचं एकमेकांशी जमतं. हे पाश्चात्त्य खूळ आहे असं कुणी म्हणू नये. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून 1820 जुळण्या मोजल्या आहेत. आणि आपल्या अगदी घरचा दाखला म्हणजे गंगाधराचा 'गंधसार' आणि त्याच्यासोबतचा 'गंधवाद'. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी ही पोथी उजेडात आणली, आणि 1989 मध्ये ती बडोद्याहून छापली गेली. गंधवादावर चक्क जुन्या मराठीत टीका आहे! गंधसारात द्रव्यांची विभागणी पानं, फुलं, फळं, साली, लाकडं, मुळं, डिंक आणि प्राण्यांपासून मिळणारी द्रव्यं अशी आहे. मला ही मांडणी एडवर्ड्सच्या चक्रापेक्षा लवकर कळली, कारण ती थेट वाणसामानाच्या दुकानात नेऊन उभी करते.

फुलांच्या घराण्यापासून सुरुवात करा, पण 'फुलांचा वास' असा एकच वास असतो हे डोक्यातून काढा. पहाटे अकोळनेरकडून नगरच्या बाजारात येणारी शेवंती हुंगून बघा. तिचा वास कडवट, हिरवा, औषधी. निशिगंध लोण्यासारखा जड आणि रात्री आणखी जड. मोगरा या दोहोंच्या मधे कुठेतरी. ज्याला निशिगंधाने डोकं धरतं त्याला गुलाब चालू शकतो. म्हणून 'मला फ्लोरल आवडत नाही' असं म्हणण्याआधी कोणतं फूल ते ठरवावं.

ताजं घराणं म्हणजे लिंबू, संत्र्याची साल, गवती चहा, ओलं गवत, पाणी. उन्हाळ्यात उत्तम, टिकायला कमी. इथे एक खरा धोका आहे, तो डोकेदुखीपेक्षा वाईट. लिंबाच्या सालीतून दाबून काढलेलं तेल कातडीवर असताना ऊन लागलं तर फोड येतात किंवा काळे डाग पडतात, आणि ते डाग महिनोन् महिने जात नाहीत. 'घरगुती, नैसर्गिक' म्हणून मिळणारं लिंबाचं तेल गळ्याला चोपडून कुणी शेतावर किंवा वारीला जाऊ नये.

लाकडी घराण्यात चंदन, देवदार आणि वाळा येतात. वाळा खरं तर मूळ, तरी नाकाला तो लाकडांच्याच पंगतीत वाटतो. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा ज्यांना आवडतो त्यांनी डोळे मिटून इकडे वळावं. अंबरी घराणं माझ्या गुन्हेगार बाटलीचं. लोबान, दालचिनी, व्हॅनिला, केशर यांच्या ऊबेचं. त्याच्या शेजारी अलीकडे खाद्यपदार्थांच्या वासांचा उपवर्ग फोफावला आहे. 1992 मध्ये आलेल्या 'एंजल' या फ्रेंच परफ्यूमने जळक्या साखरेचा वास अंगाला लावायची चाल पाडली. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातल्या माणसाला त्याचं कौतुक जपून असावं. गुऱ्हाळावर काकवी उकळताना येणारा वास आणि कारखान्यामागच्या मळीचा वास यांत अंतर फार नाही. जास्त फवारे मारले की आपण दुसरीकडे पोचतो.

दोन घराण्यांची नावं ऐकून मी घाबरले होते, फूजेर आणि शीप्र. फूजेर म्हणजे फ्रेंचमध्ये नेचा. गंमत अशी की नेच्याला सांगण्यासारखा वासच नसतो. 1882 च्या 'फूजेर रोयाल'मध्ये कुमारिन हे कृत्रिम द्रव्य वापरलं गेलं, त्याचा वास वाळत्या गवतासारखा. तिथून हे नाव चिकटलं. न्हाव्याच्या दुकानातल्या दाढीनंतरच्या लोशनचा वास आठवा, तो बऱ्याचदा याच घराण्यातला. शीप्र म्हणजे सायप्रस बेट. कोती यांच्या 1917 च्या परफ्यूमवरून हे घराणं ओळखलं जातं. वर लिंबूवर्गीय, खाली राळ आणि ओक झाडावरचं दगडफूल. हो, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भावंडच. हे कळल्यावर मी मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल हातावर चुरगळून पाच मिनिटं हुंगत बसले. पावसात भिजलेली साल, माती, थोडा कडूपणा. पॅरिसचं ते घराणं आमच्या फोडणीत इतकी वर्षं होतं.

आणि मातीचा वास कुठे बसवायचा? पहिल्या पावसाच्या वासाला 1964 मध्ये दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकोर' हे नाव दिलं. कनौजचे कारागीर त्याच्या कितीतरी आधीपासून भाजलेल्या मातीवर देग-भपक्याने मिट्टी अत्तर काढतात. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला ते कोणत्या चक्रात बसतं याच्याशी काही देणंघेणं नसतं. चाचांनी त्याचा फाया दिला तेव्हा मी दोन मिनिटं काही बोलले नाही.

आता खरेदीचं. एका खेपेला तीनपेक्षा जास्त वास घेऊ नका. नाक थकलं की सगळं सारखंच लागतं. कॉफीच्या बिया हुंगायला देतात त्याचा फारसा उपयोग होत नाही, स्वतःची बाही हुंगा. आवडलेला एकच वास मनगटावर लावा आणि पैसे न देता बाहेर पडा. रसवंतीवर बसा, भाजी घ्या, उन्हातून चालत घरी जा. संध्याकाळी जो वास उरला असेल त्याचे पैसे द्यायचे असतात. नवीन द्रव्य कोपराच्या आतल्या बाजूला एक दिवस लावून बघा. खाज, लाली आली तर नाद सोडा. रेशमावर थेट फवारा नको आणि होमाजवळ तर नकोच, कारण त्यात अल्कोहोल असतं आणि ते पेट घेतं. अत्तराचा फाया कानाच्या वरच्या घडीत ठेवायचा, भोकात खुपसायचा नाही. आणि शंभर रुपयांत 'शुद्ध चंदनाचं अत्तर' मिळालं तर ते चंदन नाही, हे बाटली न उघडताच समजा. त्यात बहुतेक वासरहित तेलावर कृत्रिम गंध असतो. तोही वाईटच असेल असं नाही, पण भाव चंदनाचा देऊ नये.

गाडीतून लांब जायचं असेल, दवाखान्यात कुणाला भेटायचं असेल, घरात दम्याचा माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर मी काहीच लावत नाही. यावर चाचांचं आणि माझं एकमत झालं नाही. त्यांच्या मते गुलाब कुणाला बाधत नाही. करंजी घाटात ते नव्हते.

ती बाटली मी फेकली नाही. गेल्या पौषात वहिनींकडे हुरड्याला गेलो होतो. थंडी कडाक्याची होती, शेकोटीभोवती बसलेलो. निघताना मी शालीच्या आतल्या टोकाला फक्त एक फवारा मारला होता, तोही दुपारी. रात्री वहिनी सरकत जवळ आल्या, शालीचं टोक नाकाशी नेलं आणि विचारलं, "वन्सं, हे कुठलं हो? घातलेल्या उदासारखं, पण वेगळंच. मला पण आणा की."

मी म्हटलं, आणते. नाव काही सांगितलं नाही.