किल्ली मुठीत, तरी सेल्फ फिरतोच

साताऱ्यातल्या एका शिक्षकांनी पावसाळ्यात शाळेला निघताना दुचाकीचा सेल्फ मारला, इंजिन उठलं नाही म्हणून बटणावरचं बोट काढलं, पण स्टार्टर मोटर थांबेचना. लाल स्विच बंद केला, किल्ली काढली, तरी खालची घरघर चालूच. ‘‘किल्ली माझ्या मुठीत होती आणि गाडी ऐकत नव्हती,’’ असं ते सांगतात. मेकॅनिकला फोन लावेपर्यंत जळका वास सुटला आणि मोटर कामातून गेली.

वाईट याचं वाटतं, की आठवड्यापूर्वीच हे एकदा घडलं होतं. तेव्हा गॅरेजमध्ये स्टार्टरच्या रिलेवर पान्याने टकटक केल्यावर मोटर थांबली आणि गाडी तशीच परत मिळाली. एकदा चिकटलेला रिले तेव्हाच बदलायला हवा होता.

बटणाचा प्रवाह बारीक असतो, तो फक्त रिलेच्या कॉइलला जागं करतो. कॉइल दट्ट्या ओढते, आतले तांब्याचे संपर्क जुळतात आणि बॅटरीचा मोठा प्रवाह जाड केबलने थेट मोटरला मिळतो. ही वाट किल्लीतून जात नाही. म्हणून किल्ली काढूनही मोटर फिरत राहिली, तर संपर्क चिकटले असं समजावं. किल्ली बंद करताच थांबली, तर बटण अडकलंय किंवा त्याची वायर सोललीय. इंजिन चालू असेपर्यंतच खरखर येत असेल, तर वन-वे क्लच तपासावा.

मोटर थांबतच नसेल, तर आधी गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, ते पाहावं. मग पेट्रोलचा वास नाही याची खात्री करून बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी; तिथे ठिणगी उडते. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर पुरतो, पण तो सीटखाली हवा, घरी नव्हे.

नंतर रिलेच्या दोन्ही जाड केबल सोडवून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावावा. बटण न दाबता तो वाजला, तर रिले गेला.

नवा रिले बसवून भागत नाही, बॅटरीही तपासावी लागते. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. सेल्फ मारताना ती १० च्या बरीच खाली घसरली, तर रिले कट-कट वाजतो आणि प्रत्येक कट-कटीत आत ठिणगी पडते. शिक्षकांच्या गाडीत हा आवाज कितीतरी दिवस येत होता, आणि ते बटण दाबतच राहिले होते. जुना रिले फोडला तेव्हा तांब्याच्या चकतीवर काळे खड्डे पडलेले होते आणि एका कडेला वितळलेला थेंब गोठून बसला होता.