कपॅसिटरची बेरीज उलटी का होते?

प्रश्न : मी बारावी विज्ञानला आहे. रोध एकसर जोडले की त्यांची बेरीज होते, कपॅसिटरची मात्र समांतर जोडल्यावर होते. गणितात हमखास गोंधळ उडतो. महावितरण शेतातल्या मोटारीला कपॅसिटर बसवायला सांगते, तो हाच का?
— एक विद्यार्थी, पाथरी

उत्तर : हो, तत्त्व तेच. पण आधी गोंधळाचे पाहू. सूत्र आठवण्याआधी जोडणीकडे बघून विचारा : इथे सगळ्यांना सारखे काय मिळते? समांतर जोडणीत विभवांतर सारखे असते आणि प्रत्येकावरचा प्रभार एकूणात भर घालतो. प्रभार म्हणजे धारकता गुणिले विभवांतर, म्हणून धारकतांची बेरीज होते.

एकसर जोडणीत मधला तुकडा नीट बघा. पहिल्या कपॅसिटरची उजवी पाटी, दुसऱ्याची डावी पाटी आणि त्यांना जोडणारी तार. हा तुकडा बॅटरीला कुठेच टेकलेला नाही. त्यावरचा एकूण प्रभार सुरुवातीला शून्य होता, तो शून्यच राहणार. एका पाटीवर उणे प्रभार आला की दुसरीवर तितकाच अधिक प्रभार यावाच लागतो. म्हणून इथे प्रभार सारखा आणि व्होल्टची बेरीज. समजा 6 आणि 3 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर 12 व्होल्टला एकसर जोडले. सारख्या प्रभाराला लहान कपॅसिटरवर दुप्पट व्होल्ट लागतात : 6 वर 4, 3 वर 8. प्रभार 24 मायक्रोकुलोम, एकूण धारकता 2 मायक्रोफॅरड. सूत्राला हातही लावला नाही! मात्र दोन्ही कपॅसिटर आधी रिकामे असले तरच हे खरे.

आता माझे आवडते गणित. तोच 6 चा कपॅसिटर 12 व्होल्टवर भरा, बॅटरी काढा आणि रिकाम्या 3 च्या कपॅसिटरला समांतर जोडा. 72 मायक्रोकुलोम प्रभार 9 मायक्रोफॅरडवर पसरला, म्हणजे 8 व्होल्ट. ऊर्जा आधी 432 मायक्रोज्यूल होती, नंतर 288 उरली. इथे मुले घाबरून गणित खोडतात. खोडू नका. उरलेले 144 तारेत उष्णता होऊन आणि जोडतानाच्या ठिणगीत गेले. प्रभार टिकतो, कपॅसिटरमधली ऊर्जा टिकेलच असे नाही.

मोटारीकडे येऊ. तिच्या चुंबकीय क्षेत्राला लागणारी ऊर्जा दर आवर्तनात येते आणि परत जाते. कपॅसिटर नेमक्या उलट वेळी ऊर्जा घेतो-देतो, त्यामुळे ही ये-जा त्या दोघांतच मिटते. डीपीपासूनच्या तारेत प्रवाह कमी होतो, दाबातली घटही कमी होते. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून प्रवाह थोडा उतरला तरी फायदा मोठा. गोदाकाठच्या उसाला एकाच डीपीवर अनेक पंप चालतात, तिथे हे प्रत्येकाच्याच कामाचे.

एक गोष्ट काळजीने सांगतो. स्टार्टर बंद केला तरी कपॅसिटर भरलेला असू शकतो. 10 मायक्रोफॅरडला 1 मेगाओहमचा रोध समांतर असेल तर 10 सेकंदांनी व्होल्ट 37 टक्क्यांवर येतात, 50 सेकंदांनी 1 टक्क्याच्याही खाली. पण तो रोध तुटलेला असला तर मिनिटभर थांबूनही उपयोग नाही. पेटी उघडायचे काम वायरमनवरच सोडा.