वजन घटविण्याची शस्त्रक्रिया : भीती, तयारी आणि तवक्कुल



काही महिन्यांपूर्वी असरच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातील एक दांपत्य भेटावयास आले. भगिनी शिक्षिका आहेत. वय बेचाळीस, वजन ११८ किलो. दहा वर्षांपासून मधुमेह, झोपेत श्वास अडखळतो, आणि गुडघ्यांमुळे नमाज खुर्चीवर अदा करावी लागते. पथ्य आणि औषधे करून झाल्यावर डॉक्टरांनी जठराची शस्त्रक्रिया सुचविली होती. बराच वेळ त्यांचे पतीच बोलत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "मौलाना, टेबलवर माझे काही बरेवाईट झाले, तर अल्लाहजवळ ती आत्महत्या धरली जाईल का?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. "अल्लाहने दिलेले शरीर कापायचे?", "तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती", असे नातलगांचे बोल ऐकून तो मनात रुजला होता. अशा कितीतरी घरांत हीच भीती असेल, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहे.

उपचार हा आज्ञाभंग नव्हे

ज्या आयतीच्या आधारे आपण आत्महत्या निषिद्ध मानतो, त्या सूरह निसाच्या २९ व्या आयतीत स्वतःचा जीव घेण्यास मनाई केली आहे. माननीय अम्र बिन आस (रजि.) यांनी एका मोहिमेत कडाक्याच्या थंडीच्या रात्री स्नानाऐवजी तयम्मुम केले आणि याच आयतीचा आधार दिला. ते ऐकून प्रेषित मुहम्मद (स.) हसले व त्यांना काही बोलले नाहीत (हदीस : अबू दाऊद). म्हणजेच ही आयत जीव वाचविण्याची आज्ञा आहे. जाणकार वैद्याच्या सल्ल्याने, प्राण व आरोग्य राखण्याच्या हेतूने घेतलेला उपचार या आज्ञेचे पालन ठरतो. त्यात मृत्यू आलाच, तर तो अल्लाहने ठरविलेला मृत्यू होय, आत्महत्या नव्हे.

दुसरी शंका अल्लाहच्या निर्मितीत बदल करण्याची. सूरह निसाच्या ११९ व्या आयतीत ज्या बदलाचा निषेध आहे, त्यात उपचार येत नाही, असे विद्वानांचे म्हणणे आहे. माननीय अर्फजा (रजि.) यांचे नाक इस्लामपूर्व काळातील एका लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसविले, परंतु त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले (हदीस : अबू दाऊद, तिर्मिजी). एरवी पुरुषास सोने वर्ज्य आहे, हे लक्षात घ्या. मात्र केवळ देखणे दिसण्यासाठी निरोगी शरीरावर शस्त्र चालविणे ही वेगळी बाब आहे. वैद्यकीय निकषही तेच सांगतात. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा बीएमआय ३५ किंवा त्याहून अधिक असल्यास या शस्त्रक्रियेची शिफारस केली जाते. आपल्यासारख्या आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून त्यांच्यासाठी ही मर्यादा याहून खाली धरतात. आपल्या बाबतीत गरज आहे की नाही, हे तज्ज्ञ डॉक्टरांना विचारावे आणि दोन रकअत इस्तिखाराची नमाज अदा करून निर्णय घ्यावा.

भीती म्हणजे ईमानची कमजोरी नव्हे

जादूगारांच्या दोऱ्या सापांसारख्या भासू लागल्या तेव्हा प्रेषित मूसा (अलै.) यांच्याही मनात भीती उत्पन्न झाली, असे कुरआन सांगते (२०:६७). भीती वाटली म्हणून कोणी अश्रद्ध ठरत नाही. तिला नाव द्या. मग ती हाताळता येते.

अनेकांना सर्वाधिक भय वाटते ते भुलीचे : जाग आलीच नाही तर? सूरह जुमरची ४२ वी आयत आठवा. अल्लाह मृत्यूच्या वेळी आत्मा ताब्यात घेतो आणि झोपेतही घेतो. काहींचा रोखून ठेवतो, इतरांचा ठराविक मुदतीपर्यंत परत पाठवितो. म्हणजे ज्याच्या हवाली आपण त्या दिवशी होणार, त्याच्याच हवाली आपण दररोज रात्री होतो. शिवाय वस्तुस्थितीही जाणून घ्यावी. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण हजारात सुमारे एक, म्हणजे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास असते. धोका शून्य नाही. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गुठळी हे धोके आहेत. ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कागदावर लिहून न्या. अर्धवट ऐकीव गोष्टींपेक्षा पूर्ण माहिती मनाला अधिक स्थिर करते.

उंट बांधण्याची रीत

उंट बांधून मग अल्लाहवर विसंबावे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण नेहमी ऐकतो. येथे उंट बांधणे म्हणजे काय, ते पाहू.

शस्त्रक्रिया समजून घ्या. स्लीव्ह प्रकारात जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून अरुंद नळीसारखा भाग ठेवतात. बायपास प्रकारात जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्ही बहुधा दुर्बिणीने, लहान छेदांतून होतात.

तंबाखू, मिशरी व सिगारेट निदान सहा आठवडे आधी थांबवा. त्यांमुळे जखम भरण्यात आणि श्वासात अडथळा येतो. यकृत आकसावे म्हणून साधारण दोन आठवडे कमी उष्मांकांचा आहार देतात, तो काटेकोर पाळा. श्वासाचे व्यायाम आधीच शिका. झोपेत श्वास अडखळत असल्यास ते लपवू नका. भूलतज्ज्ञांना ही माहिती हवीच.

हलाल-हरामचा प्रश्न संकोच न करता आधीच विचारा. गुठळी टाळण्यासाठी दिली जाणारी हेपरिन वर्गातील इंजेक्शने बहुधा डुकराच्या आतड्यापासून तयार होतात. फोंडापारिनक्स हे कृत्रिम औषधही आहे. ते आपणास चालेल का, हे डॉक्टर सांगतील. चालत नसेल तर निकडीच्या प्रसंगी सवलत आहे (कुरआन, २:१७३). स्वतःच्या मनाने इंजेक्शन नाकारून जीव धोक्यात घालू नका. जीवनसत्त्वांच्या कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते, तेव्हा वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल किंवा गोळी मागा.

देणी-घेणी, अमानत आणि वसीयत लिहून ठेवा. हा अपशकुन नव्हे. ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहिल्याविना दोन रात्रीही घालवू नयेत, अशी शिकवण निरोगी माणसालाही आहे (हदीस : बुखारी). मनावरचा अर्धा भार येथेच उतरतो.

शस्त्रक्रियेनंतरची इबादत

माननीय इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याध होती. त्यांना प्रेषितांनी (स.) उभ्याने, जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर नमाज अदा करण्यास सांगितले (हदीस : बुखारी). जखमेच्या पट्टीवर मसह करावा. पाणी अपायकारक असेल तर तयम्मुम. भुलीत सुटलेली नमाज शुद्धीवर आल्यावर कजा करावी.

रोजांबाबत घाई नको. लहान झालेल्या जठरात पाणी घोटाघोटानेच जाते, आणि दिवसभरात दीड ते दोन लिटर पोटात जाणे आवश्यक असते. सुरुवातीच्या महिन्यांत रमजान आला तर आजाऱ्याला दिलेली सवलत घ्यावी (कुरआन, २:१८५) आणि डॉक्टरांच्या संमतीनंतर कजा रोजे पूर्ण करावेत.

पोट लहान होते, नफ्स नव्हे

शस्त्रक्रिया भुकेला आवर घालते, हव्यासाला नाही. आधी पातळ, मग मऊ, मग नेहमीचे अन्न, सावकाश चर्वण, जेवणासोबत पाणी नाही, लोह, कॅल्शियम, ब-१२ व ड जीवनसत्त्व आयुष्यभर. हे न पाळल्यास अशक्तपणा येतो आणि वजनही परतते. मुलाचा विचार असलेल्या भगिनींनी बहुधा वर्ष-दीड वर्ष थांबावे लागते, तेही आधी विचारावे. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही प्रेषितांची (स.) शिकवण (हदीस : तिर्मिजी) आता रोजच्या ताटात उतरते.

घरच्यांनो, आपल्यासाठीही एक शब्द. दावतीत आग्रह करू नका आणि शरीरावरून टोमणे मारू नका. माननीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या बारीक पोटऱ्या पाहून सहकारी हसले, तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की कयामतच्या तराजूत त्या उहुद पर्वताहून जड भरतील (हदीस : अहमद). अल्लाहजवळचा तराजू निराळा आहे.

त्या भगिनींनी दोन महिने तयारी करून शस्त्रक्रिया करून घेतली. अलहम्दुलिल्लाह, त्या सुखरूप आहेत. "भीती गेली होती का?" असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "नाही मौलाना. पण काय करायचे ते ठाऊक होते, आणि कोणाच्या हवाली होते आहे तेही ठाऊक होते."

अल्लाह प्रत्येक रुग्णाला पूर्ण शिफा आणि त्याच्या घरच्यांना नरम जीभ देवो. आमीन.