कळसूबाईचा डोंगर

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते? कळसूबाई. उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. ते नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाताना बारी गाव लागते. तेथून वर वाट जाते.

चढायला शरद ऋतू चांगला. पाऊस सरतो, वाट सुकते, पण गवत हिरवेच असते. उतारावर सोनकीची पिवळी फुले दाटतात. खाली भात पिकत आलेले असते.

अशाच दिवसांत आम्ही वर्गातील बारा जणं निघालो. बरोबर भाकरी, चटणी, गूळ आणि भरपूर पाणी. उजाडताच चढू लागलो. ज्याची चाल सर्वांत हळू, त्याने पुढे चालावे. बाकीच्यांनी त्याच्या चालीने. म्हणजे कोणी मागे पडत नाही. आमच्या पुढे साठीच्या मावशी होत्या. त्या चार घरची भांडी घासतात.

कडा खडा आहे तेथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. पहिल्या शिडीपाशी मावशी थांबल्या.

"गुरुजी, माझ्यानं न्हाई व्हायचं."

"मावशी, खाली बघू नका. एक हात घट्ट धरा, मगच दुसरा सोडा. घाई नाही."

आम्ही थांबलो. मावशी एकेक पायरी चढल्या.

वर वारा गार होता. हजार मीटर चढले की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले दिसले. दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी चमकत होते. हे धरण प्रवरा नदीवर आहे. ते १९२६ साली पुरे झाले. डोंगरावरचा पाऊस त्यात साठतो आणि कालव्यांनी दूरच्या शेतांना मिळतो.

शिखरावर देवीचे लहानसे देऊळ आहे. लोक तिची कथा सांगतात. कळसू ही कोळ्याची मुलगी. एका घरी ती कामाला राहिली. "भांडी घासणार नाही, केर काढणार नाही," असे आधीच ठरले होते. एके दिवशी घरच्यांनी तेच काम सांगितले. तिने ते केले, पण लगेच घर सोडले. ती डोंगरावर गेली आणि अखेरपर्यंत तेथेच राहिली.

कथा ऐकून मावशी म्हणाल्या, "कामाची लाज न्हाई हो. मी बी भांडीच घासते. पर ठरलेला शब्द मोडला, ते तिला लागलं."

आम्ही सारे गप्प झालो. राज्यातील सर्वांत उंच जागेला एका कामकरी मुलीचे नाव आहे. काम करून घेणाऱ्याने आणि काम करणाऱ्याने, दोघांनीही हे ध्यानात ठेवावे.

दुपारीच उतरायला लागावे. उतारावर पाय घसरतो आणि दिवस लवकर मावळतो. दिवेलागणीआधी आम्ही बारीत पोचलो, बाराचे बारा.

प्रश्न
१. सर्वांत हळू चालणाऱ्याने पुढे का चालावे?
२. कळसूने घर का सोडले?
३. तुमच्या कामाच्या ठिकाणी काय ठरले आहे? ते दोन ओळींत लिहा.