देहातील मूलद्रव्ये

नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या वाटेने पश्चिमेकडे जाऊ लागले म्हणजे सह्याद्रीचे काळे कडे दृष्टीस पडतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहत आलेला तप्त लाव्हारस थिजून हा दगड बनला. ऊन, वारा आणि पाऊस यांनी तो झिजतो व त्याची माती होते. पेठ, सुरगाणा, इगतपुरी या भागांतील डोंगरउतारांवर ही माती तांबूस दिसते. कारण दगडातील लोह तिच्यात जणू गंजून राहिलेले असते. याच उतारांवर शेतकरी नागली लावतो. नागलीची मुळे मातीतील क्षार पाण्याबरोबर शोषून घेतात. ते दाण्यात साठतात, दाण्याचे पीठ होते, पिठाची भाकरी होते आणि त्या भाकरीबरोबर दगडातील लोह व चुना यांचा अंश मनुष्याच्या देहात शिरतो. दगड आणि देह यांचे नाते असे जवळचे आहे.

रासायनिक क्रियेने ज्या पदार्थातून त्याहून साधे पदार्थ निघत नाहीत, त्यास मूलद्रव्य म्हणतात. तांबे, लोह, गंधक ही मूलद्रव्ये होत. पाणी मात्र मूलद्रव्य नव्हे. कारण त्यातून प्राणवायू आणि हायड्रोजन असे दोन वायू वेगळे करता येतात. मनुष्यदेहाच्या वजनाचे शंभर भाग कल्पिले, तर त्यांपैकी सुमारे ६५ भाग प्राणवायू, १८ भाग कर्ब, १० भाग हायड्रोजन आणि ३ भाग नत्र असतो. उरलेल्या सुमारे चार भागांत बाकीची सारी मूलद्रव्ये येतात. हे चार भाग दिसावयास थोडे. पण त्यांच्यावाचून हाड उभे राहत नाही, रक्त आपले काम करीत नाही आणि बुद्धीही पुरती फुलत नाही.

या चार भागांत पहिला मान कॅल्शियमचा. घराच्या भिंतीला देतात त्या चुन्यात हेच मूलद्रव्य असते. प्रौढ मनुष्याच्या शरीरात ते सुमारे एक किलोग्रॅम भरते व त्याचा शंभरातील ९९ भाग हाडांत आणि दातांत असतो. त्याच्या जोडीला फॉस्फरस असतो. शेतकरी त्याला स्फुरद म्हणतो. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद आणि पालाश अशी जी तीन नावे वाचावयास मिळतात, ती पिकाइतकीच मनुष्याच्या पोषणालाही आवश्यक आहेत. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते सुमारे १० मिलिग्रॅम असते. गरिबांचे अन्न म्हणून ज्या नागलीकडे शहरातील लोकांनी पुष्कळ काळ पाठ फिरविली, तिची योग्यता ही अशी आहे. लासलगावच्या बाजारात येणारा कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणतो, तो त्यातील गंधकाच्या एका संयुगामुळे. आपल्या केसांत आणि नखांतही गंधक असतो.

लोहाची गोष्ट याहून निराळी आहे. प्रौढ मनुष्याच्या सर्व शरीरात लोह असते अवघे तीन ते चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या खिळ्याएवढे! परंतु रक्ताला तांबडा रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात. फुप्फुसातील प्राणवायू उचलून तो शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोहोचविण्याचे काम त्यांच्या बळावर चालते. लोह कमी पडले म्हणजे हे वाहतुकीचे काम मंदावते. चेहरा फिका पडतो, जिना चढताना धाप लागते, वर्गात लक्ष लागत नाही. अशा मुलीला कोणी आळशी म्हणतात, कोणी मंद म्हणतात. वस्तुतः ती आळशीही नसते आणि मंदही नसते. तिच्या रक्ताला लोह हवे असते. हा रक्तक्षय विरळ नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या दर शंभर मुलींपैकी सुमारे ५९ मुलींमध्ये तो आढळला. याकरिता शाळांमधून आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक आम्ल यांची निळी गोळी देण्याची योजना शासनाने आखली. ती गोळी जेवणानंतर घ्यावयाची असते. तिची चव नकोशी वाटते म्हणून जो ती खिडकीबाहेर टाकतो, तो आपलाच प्राणवायू बाहेर टाकतो. गोळीच्या जोडीला हिरव्या पालेभाज्या, हळिवाचे लाडू आणि कडधान्ये आहेतच. जेवणात लिंबू किंवा आवळा असला म्हणजे अन्नातील लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतला, तर ते कमी शोषले जाते.

नाशिकची तांब्यापितळेची भांडी प्रसिद्ध आहेत. पितळ हे तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाने तयार होते. ही दोन्ही मूलद्रव्ये शरीरालाही लागतात. तांबे लोहाच्या उपयोगास साहाय्य करते. जस्त वाढीला आणि जखम भरून येण्याला मदत करते. पण पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते आणि पिणाऱ्याला बाधते, हे घरोघरच्या आजीला ठाऊक असते. म्हणून आत कल्हई लावतात. द्राक्षबागांत मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचुदातील तांबे केवडा रोगाच्या बुरशीला मारक ठरते. जे अल्प प्रमाणात पोषक, तेच अधिक झाले म्हणजे घातक होते. म्हणून गोळी असो वा औषध, ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानेच घ्यावे.

अत्यंत अल्प प्रमाणात लागणारे, तरी सर्वांत मोठा धडा शिकविणारे मूलद्रव्य म्हणजे आयोडीन. १८११ मध्ये बर्नार कुर्त्वा या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते समुद्री वनस्पतींच्या राखेत सापडले. प्रौढ मनुष्याला त्याचे रोज १५० मायक्रोग्रॅम पुरतात. हिशेब केला तर सत्तर वर्षांच्या आयुष्याला चार ग्रॅमही लागत नाहीत. तरीही तेवढे न मिळाल्यास गळ्याजवळील अवटू ग्रंथी सुजते. त्यास गलगंड म्हणतात. गरोदर मातेला ते न मिळाल्यास पोटातील बाळाच्या मेंदूची वाढही खुंटू शकते. डोंगरातील मातीमधून पावसाचे पाणी आयोडीन धुऊन नेते. म्हणून हिमालयाच्या पायथ्याला गलगंड फार होता. आज हिमाचल प्रदेशात असलेल्या कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी एक प्रयोग आरंभिला. त्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांतील लोकांना आयोडीनयुक्त मीठ पुरविले, तिसऱ्या भागाला साधे मीठ दिले. १९६२ साली पुन्हा तपासणी झाली, तेव्हा आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या दोन्ही भागांत गलगंड पुष्कळच कमी झालेला दिसला. तिसऱ्या भागात तसे घडले नाही. पुढे तिसऱ्या भागालाही तेच मीठ देण्यात आले आणि तेथेही रोग हटू लागला. १९६२ सालीच देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. नंतरच्या पाहण्यांत महाराष्ट्रातील काही जिल्ह्यांतही हा विकार आढळला. म्हणून आयोडीनयुक्त मीठ साऱ्या देशासाठी आवश्यक ठरले.

मीठ चिमूटभर, लोह खिळ्याएवढे. पण त्यांच्या अभावी धडधाकट दिसणारे शरीरही खचते. ताटातील भाकरी, भाजी आणि लिंबाची फोड यांच्या रूपाने सह्याद्रीचा दगड आणि समुद्राचे पाणी आपल्या घरी चालत येतात. त्यांना नाकारणे म्हणजे आपल्याच देहाची उभारणी अर्धी सोडणे होय.

स्वाध्याय

१. दगडातील लोह मनुष्याच्या देहात कसे येते, ते क्रमाने लिहा.
२. रक्तक्षय झालेल्या मुलीला ‘आळशी’ म्हणणे अयोग्य का?
३. कांगडा खोऱ्यातील एका भागाला आरंभी साधे मीठच का दिले असावे?
४. आपल्या घरातील एका दिवसाच्या जेवणाची यादी करा आणि त्यातून कोणती मूलद्रव्ये मिळाली, ते लिहा.