जे टळत नाही आणि जे टाळता येतं



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक २७ आणि त्यावरच्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या.

श्लोकाचा अर्थ आपल्याला ऐकून ऐकून पाठ आहे. जन्मलेल्याला मरण ठरलेलं, मेलेल्याला जन्म ठरलेला, म्हणून जे टळणारच नाही त्याचा शोक करणं तुला शोभत नाही, असं देव अर्जुनाला सांगतात. माऊलींनी इथे आधी फिरत्या घटिकायंत्राचा दाखला दिलाय आणि मग उदय-अस्ताचा. चक्र कोणासाठी थांबत नाही.

हा श्लोक आपण जास्त करून कुठे ऐकतो? दहाव्याच्या प्रवचनात. नदीकाठी ऊन चढलेलं असतं, समोरच्यांचे डोळे सुजलेले असतात आणि महाराज सांगत असतात, शोक करू नका. ऐकणाऱ्याच्या मनात येतंच, म्हणजे रडायचंपण नाही का?

यातला एक शब्द नीट बघूया : अपरिहार्य. ज्यावर काही इलाज नाही ते. आणि हे देव सांगतायत कोणाला? धनुष्य खाली ठेवून बसलेल्या माणसाला. मला यात असं दिसतं की जे हातात नाही ते सोडून दे, म्हणजे जे हातात आहे ते करायला तू मोकळा होशील. माया करू नको, असं यात कुठेच नाही.

आता दुसरी बाजू. शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी. आळंदीला माऊलींनी समाधी घेतली. नामदेव महाराजांच्या नावावरच्या समाधीच्या अभंगांत तो सगळा प्रसंग आहे. त्यात निवृत्तिनाथांचा शोक वाचताना गलबलून येतं. ते थोरले भाऊ, आणि माऊलींचे गुरूसुद्धा. ज्यांनी ज्ञान दिलं, तेच फुटलेल्या तळ्यासारखे, आळा सुटलेल्या पेंढीसारखे होतात. म्हणजे ज्ञान असलं तरी रडू येतं. आणि परंपरेने ते रडणं लपवलं नाही, सातशे वर्षं जपलं.

हे दोन्ही एकत्र धरायचं कसं, हा प्रश्न गेल्या महिन्यात आमच्या घरात आला. आजी गेली. आजोबा मूळचे साताऱ्याकडचे. कांदा-बटाटा बाजार मुंबईतून तुर्भ्याला हलला तेव्हा माथाडी म्हणून इकडे आले आणि मागोमाग आजी. दहावा क्षेत्र माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर झाला. तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी नेरूळला सोसायटीच्या हॉलमध्ये भजन आणि आठवणी, असं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. कारण काय, तर "तुझं ते घरूनच असतं ना!"

अडचण वेगळीच होती. वडील आणि काका चार वर्षं कामापुरतंच बोलत होते. आजी कोणाकडे राहणार यावरून बिनसलेलं. शेवटची दोन वर्षं अंथरुणातलं सगळं केलं ते काकूने, आणि तिचं नाव कोणाच्याच भाषणात येणार नाही, हे दिसत होतं.

मी वहीत दोन रकाने केले. एकावर लिहिलं 'टळत नाही', दुसऱ्यावर 'टाळता येतं'. पहिल्यात दोनच ओळी : आजी नाही. ती चार वर्षं परत येणार नाहीत. बाकी सगळं दुसऱ्या रकान्यात गेलं. तुमच्याही घरी कधी ही वेळ येईल, म्हणून इथे मांडतो.

१. वेळ. सात ते साडेनऊ. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, आणि म्हातारी माणसं ताटकळतात. भजनी मंडळाला आधीच सांगितलं, साडेनऊच्या आत पसायदान.

२. आधी भजन, मग बोलणं. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या हाताला काहीतरी काम हवं. म्हणून टाळ जास्तीचे मागवले, लहान मुलांनाही दिले. वडील पखवाज वाजवतात, काका चाल धरतात. गावाकडे दोघं एकत्रच बसायचे. पखवाजवाल्याला गाणाऱ्याकडे बघावंच लागतं. म्हणून मंडळाच्या बुवांना विनंती केली, दोन अभंग या दोघांना द्या.

३. भाषण नको, आठवण हवी. एका माणसाने एकच प्रसंग सांगायचा, दोन मिनिटांत. 'मनमिळाऊ', 'प्रेमळ' हे शब्द बंद. आजी चिडायची, ते पण सांगायचं. तिच्या शिव्यांवर हॉल हसला, आणि त्यानेच वातावरण हलकं झालं.

४. आवाज. आजीला जात्यावरच्या ओव्या येत होत्या. हेमा राईरकर, गी प्वातवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आमच्याकडे माझ्या फोनमध्ये चारच होत्या. त्यातली एक लावली. शेवटी तिचा खोकला आहे, तो कापला नाही.

५. ज्याने सेवा केली त्याचं नाव आधी. काकूला दोन दिवस आधी विचारलं. ती म्हणाली, "मी काय बोलणार रे?" म्हटलं, आईंना दुपारी काय लागायचं तेवढंच सांग. ती उभी राहिली आणि म्हणाली, "चारला चहा. कपात नाही, बशीत. अजून पण चारला माझे पाय आपोआप ओट्याकडं वळतात." एवढंच बोलली आणि बारा दिवसांत पहिल्यांदा रडली. कोणी तिला गप्प केलं नाही.

आणि भावांचं? सगळं मिटलं असं नाही सांगत. पखवाजाला कणीक लावताना काका म्हणाले, "दादा, जरा जास्त झाली, आवाज बसतोय. थोडी काढ." वडिलांनी काढली, थाप मारून बघितली आणि विचारलं, "आता?" काकांनी मान हलवली. मग दोन अभंग झाले. दुसऱ्या दिवशी तेराव्याच्या पंगतीत दोघं शेजारी बसले, ते मी सांगितलेलं नव्हतं.

मला या श्लोकाचा अर्थ आता असा लागतो. मरण अपरिहार्य आहे. पण सेवा करणाऱ्याला विसरणं अपरिहार्य नाही. अबोला अपरिहार्य नाही. माणूस गेल्यावर फक्त त्याचा फोटो उरणं, हेही नाही. शोकातली जी ताकद आपण न टळणाऱ्या गोष्टीशी भांडण्यात घालवतो, ती इकडे वळवायची. रडू येतं तेवढं येऊ द्यायचं, निवृत्तिनाथांनाही आलं.

आजचा अभ्यास : घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर आज रात्री त्याच्याजवळ दहा मिनिटं बसा. एक ओवी, एक गोष्ट, एखादी शिवी का होईना, फोनमध्ये घेऊन ठेवा. आणि त्याचं जो करतो, त्याला आजच, सगळ्यांसमोर, नाव घेऊन बरं म्हणा. तेराव्याची वाट कशाला बघायची?

प्रार्थना : देवा, जे टळत नाही ते सोसायला बळ दे, आणि जे टाळता येतं ते वेळेत करायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी.