आधी त्याला, मग चाळीला

प्रश्न : गॅलरीत ठेवलेल्या चपलांच्या रॅकवरून शेजारच्या बिऱ्हाडाशी आमचा दोन महिने अबोला आहे. ऑफिसातली ख्रिस्ती मैत्रीण म्हणते, "बायबलमध्ये भांडण मिटवायच्या पायऱ्याच दिल्यात." खरंच तसं काही आहे, की नुसतं 'क्षमा करा' एवढंच?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : मैत्रीण बरोबर सांगते. मत्तयच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय काढा, १५ ते १७ ही वचनं. ज्याने दुखावलं त्याच्याकडे जा आणि दोघंच असताना बोला, ही पहिली पायरी. ऐकलं नाही, तर एक-दोघांना सोबत न्या. तरीही नाही, तर मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या समुदायापुढे, गोष्ट मांडा. दोन-तीन साक्षीदारांचा नियम त्याहून जुना, मोशेच्या नियमशास्त्रातला.

खरी गंमत या क्रमात आहे, कारण चाळीत तो नेमका उलटा चालतो. तक्रार आधी नळावर पोचते, मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर, मग सेक्रेटरीकडे. ज्याच्याबद्दल ती आहे, त्याच्या कानावर सगळ्यांत शेवटी आणि तिखटमीठ लावून. तोवर त्याला रॅक नव्हे, अब्रू वाचवायची असते. एकट्याला सांगितलं, तर माघार घ्यायला त्याला जागा उरते.

"पण आधी त्याने यावं," असं तुम्ही म्हणाल. ती पळवाट मत्तयच्याच ५व्या अध्यायात बंद केली आहे. वेदीपाशी अर्पण आणलंत आणि आठवलं की कुणाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असं तिथे सांगितलंय. थोडक्यात, तो दुखावलेला असो वा तुम्ही, पाऊल तुमचंच. कॅथलिक मिस्सेत कम्युनियनच्या आधी शेजारच्याला शांतीची खूण देतात, तीही याच भावनेतून.

आता जागेचं. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या १३व्या अध्यायात अब्राम आणि त्याचा पुतण्या लोट यांच्या गुराख्यांचं भांडण जुंपतं, कारण दोघांच्या गुरांना जमीन पुरत नाही. चाळीचंच दुखणं! अब्राम वडीलधारा, तरी निवड आधी पुतण्याला देतो. तू डावीकडे गेलास, तर मी उजवीकडे जाईन, असा त्याचा भाव.

असा वाव देणं आपल्याकडेही घडलंय. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंशी त्यांची काही वर्षं ताटातूट झाली. पुन्हा संसार मांडला, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळंओवळं सोडलं नव्हतं. पुढे १९०० साली त्यांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हा प्रवास त्यांनीच सांगितलाय, कुणालाही खलनायक न करता.

एक इशारा मात्र हवा. मारहाण, धमकी असेल, तर एकट्याने भेटायला जाऊ नका. तिथे थेट पोलिसांकडे जायचं.

तुमचं प्रकरण रॅकचं आहे. सूर्य मावळायच्या आत राग सोडावा, असं बायबलमधल्या इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात सांगितलंय. तुम्हाला साठेक सूर्यास्तांचा उशीर झालाय, हरकत नाही. फक्त चाळीच्या गॅलरीत 'दोघंच' असणं अशक्य, म्हणून त्यांना खाली टपरीवर चहाला न्या. आणि काय ठरलं, ते वर येऊन नळावर सांगू नका.